खर्ड्याची लाज

सुरतेच्या कवी नर्मदने (१८३३-१८८६) १८६६ साली आपले आत्मचरित्र लिहिले. ‘मारी हकीकत’ हे त्याचे नाव. गुजराती गद्याच्या इतिहासात या पुस्तकाला मानाचे स्थान आहे, आणि सुरतेच्या परिसरात पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांनीही ते आवर्जून वाचावे अशा योग्यतेचे ते आहे. प्रस्तुत लेखापुरते मात्र मला त्यातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. पुस्तकाच्या आरंभीच नर्मद सांगून टाकतो की ही हकीकत अपुरी आहे आणि आपण ती खर्डा म्हणून छापीत आहोत. पुढेमागे आपल्यालाच ती पुरती लिहिता यावी, किंवा आपल्या पश्चात कोणाला आपल्याविषयी लिहावेसे वाटले तर त्याला ती उपयोगी पडावी, एवढाच त्याचा हेतू. प्रतीही त्याने अगदी मोजक्याच काढल्या. पुस्तक सर्वांसमोर आले ते त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९३३ साली. मधल्या काळात ‘नर्मकोशा’सारखा प्रचंड शब्दकोश या माणसाने पुरा केला. एकेक शब्द तोलून पाहणारा असा लेखक स्वतःच्या चरित्राचा खर्डा खर्डाच राहू देतो आणि तसे उघडपणे सांगतो, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

खर्डा हा शब्द मराठीतही आहे, पण आपल्याकडे त्याच्या वाट्याला फारसा मान आलेला नाही. खर्डेघाशी म्हटले की कचेरीतला वाकलेला कारकून डोळ्यांपुढे येतो. लेखकाने खर्डा करावा, तो खोडावा, पुन्हा करावा, हे आपण तत्त्वतः मान्य करतो. प्रत्यक्षात मात्र त्याची आपल्याला लाज वाटते. इच्छापोरच्या आपल्या कथावाचनाच्या बैठकींत हे वारंवार दिसते. वाचणारा उभा राहतो आणि कथेच्या आधी क्षमा मागतो : ‘पहिलाच खर्डा आहे, सांभाळून घ्या.’ मग कथा वाचली जाते, दोन-चार सूचना होतात, चहा होतो. त्यानंतर ती कथा एक तर कायमची कपाटात जाते, नाही तर चार-सहा महिन्यांनी ‘सुधारून’ परत येते. आणि, स्पष्टच लिहितो, सुधारून आलेली कथा बहुधा आधीच्या कथेपेक्षा निर्जीव असते. तिच्यातले शुद्धलेखन नीट झालेले असते, वाक्ये घासूनपुसून घेतलेली असतात, पण पहिल्या वेळी ऐकताना जे माणूस समोर येऊन बसले होते ते उठून गेलेले असते.

असे का व्हावे? पुनर्लेखनाने कथा सुधारायला हवी, ती बिघडते कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आपल्या मनातल्या दोन समजुती तपासाव्या लागतील. पहिली समजूत अशी की खरे साहित्य एकटाकी उतरते. ज्याला पुन्हा लिहावे लागते त्याच्याकडे प्रतिभा कमी. दुसरी समजूत अशी की पुनर्लेखन म्हणजे भाषेचे शुद्धीकरण. वरवर पाहता या दोन समजुती परस्परविरोधी आहेत, पण एकाच लेखकाच्या मनात त्या सुखाने नांदू शकतात, हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

पहिल्या समजुतीला आधार म्हणून नेहमी दोन पुस्तकांची नावे पुढे केली जातात. दोन्ही खानदेशाशी नाते सांगणारी आहेत, म्हणून ताप्ती व्हॅली रेल्वेच्या रुळांवरून ज्यांचे पूर्वज इकडे आले त्यांना ती विशेष जवळची वाटतात. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लिहायला घेतली आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे ती पुरी केली. पाच दिवस! भालचंद्र नेमाडे यांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी ‘कोसला’ काही थोड्या आठवड्यांत लिहून काढली आणि १९६३ सालीच ती प्रसिद्धही झाली. ही दोन उदाहरणे ऐकली की आपल्यातला होतकरू लेखक खचतो. पाच वर्षे एकाच कथेशी झुंजणाऱ्याने काय करावे?

पण हे हिशेब कागदावरच्या दिवसांचे आहेत. अमळनेरच्या शाळेत शिक्षक आणि वसतिगृहाचे प्रमुख असताना गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहीत. रोज लिहायचे, समोरच्या मुलांना समजेल असे लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवे लिहायचे. त्या वाचकांचे चेहरे गुरुजींना रोज दिसत होते. कोणत्या वाक्याला मूल मान वर करून पाहते आणि कोणत्या वाक्याला जांभई देते, याचे शिक्षण ज्याने अशा रीतीने घेतले, त्याच्या तुरुंगातल्या पाच दिवसांच्या मागे किती वर्षे उभी होती ते लक्षात घेतले पाहिजे. त्या आईविषयीच्या आठवणी तर जन्मभर त्यांच्या मनात घोळलेल्या होत्या. कागदावर जे पहिल्यांदा आले ते मनात पहिल्यांदा आलेले नव्हते.

‘कोसला’चेही तसेच. पांडुरंग सांगवीकराच्या बोलण्यातला तो विस्कळितपणा, मध्येच तुटणारी वाक्ये, ‘वगैरे’ म्हणून सोडून देणे, हे घाईत लिहिल्यामुळे राहिलेले दोष आहेत असे पहिल्या वाचनात कोणाला वाटू शकेल. पण खेड्यातून पुण्यात शिकायला गेलेल्या मुलाचा हा सूर इतका अखंड सांभाळलेला आहे की तो अपघाताने साधणार नाही. कागदाला हात लावण्यापूर्वी तो सूर कानात पक्का झालेला असला पाहिजे. आणि याच लेखकाची ‘हिंदू’ यायला २०१० साल उजाडावे लागले. तिच्यावर कित्येक वर्षे खर्ची पडली. एकाच लेखकाचे एक पुस्तक आठवड्यांत होते आणि दुसरे दशकांत. तेव्हा लिहिण्याचा वेग हे प्रतिभेचे मोजमाप होऊ शकत नाही. ज्या पुस्तकाचे खर्डे मनात, बोलण्यात, पत्रांत आधीच होऊन गेलेले असतात, त्याला कागदावर थोडा वेळ लागतो, एवढेच.

याची आणखी एक साक्ष द्यायची तर ती बहिणाबाई चौधरींची. त्या कथाकार नव्हेत, पण येथे त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. त्यांना लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे ओव्या सुचत, घरातली मुले त्या उतरवून घेत. त्यांच्या निधनानंतर १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने, ती गाणी पुस्तकरूपाने आली. त्या ओव्यांचा पहिला खर्डा कोणता आणि शेवटचा कोणता, हे कोण सांगणार? जात्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर शब्द घासला गेला असेल, बदलला असेल, जागेवर बसला असेल. आपल्याला मिळाली ती अखेरची प्रत. आणि ज्यांनी ती छापली त्यांनी एक मोठे शहाणपण केले : त्यांनी ती ‘शुद्ध’ केली नाही.

याच्या उलट, पुन्हा लिहिण्याची सवडच नसली म्हणजे काय होते, हे हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्यांत दिसते. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातून क्रमशः लिहिली. आठवड्याचा अंक निघाला की मागचे प्रकरण हातातून गेले. त्यात बदल करण्याची सोय नाही. त्यामुळे जे व्हायचे ते झाले. पाल्हाळ आला, पुनरुक्ती आली, आणि पुढे त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या. आजच्या वाचकाला ‘पण लक्षात कोण घेतो’मधली कित्येक पाने ओलांडून जावीशी वाटतात, हे मान्य करायला हवे. तरीही यमूच्या तोंडची ती घरगुती, बायकांच्या माजघरातली मराठी सव्वाशेहून अधिक वर्षांनी ताजी राहिली आहे. सवडीने बसून हरिभाऊंनी ही कादंबरी पुन्हा लिहिली असती तर पाल्हाळ नक्कीच गेला असता. पण त्याबरोबर यमूची भाषाही त्यांनी त्या काळच्या विद्वान गद्याच्या वळणावर नेली असती का, असा प्रश्न माझ्या मनात येतो. उत्तर देता येणार नाही. मात्र पुनर्लेखनात दोन्ही शक्यता असतात, हे त्या प्रश्नातून ध्यानात येते.

येथे आपण दुसऱ्या समजुतीशी येऊन पोहोचतो. मराठीत पुनर्लेखनाची जर कोठे शाळा होती असे म्हणायचे असेल तर ती ‘सत्यकथा’ मासिकाच्या आणि मौज प्रकाशनाच्या कचेरीत होती. श्री. पु. भागवत (१९२३-२००७) आणि राम पटवर्धन या संपादकांनी आलेल्या कथेवर लेखकाशी तपशीलवार चर्चा करायची, पत्रे लिहायची, शंका विचारायच्या, आणि लेखकाने कथा पुन्हा लिहून पाठवायची, अशी रीत तेथे रुजवली. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली तोपर्यंत मराठीतल्या कित्येक कथाकारांची घडण या पत्रव्यवहारातून झाली. मुंबईपासून दूर धारवाडला, कानडी मुलखात राहून लिहिणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांच्यासारख्या कथाकाराचा मराठी वाङ्मयविश्वाशी संबंध प्रामुख्याने टपालातूनच राहिला. ‘निळासावळा’ (१९५९) पासून ‘काजळमाया’ (१९७२) आणि ‘पिंगळावेळ’ (१९७७) पर्यंतचा त्यांचा प्रवास पाहिला तर परमुलखात राहणाऱ्या लेखकाने कोणाची उसनी भाषा न घेता आपली भाषा किती घडवीत नेता येते याचा तो वस्तुपाठच आहे. आपल्यासारख्या परप्रांतस्थ मराठी लेखकांनी त्यांच्याकडे या दृष्टीनेही पाहायला हवे.

परंतु या शाळेवर आक्षेपही घेतले गेले, आणि ते क्षुल्लक नव्हते. १९६९ साली राजा ढाले आणि लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या त्यांच्या तरुण मित्रांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. त्या कृतीतला आविर्भाव बाजूला ठेवला तरी त्यामागचा राग समजून घेण्यासारखा होता. या तरुणांचे म्हणणे थोडक्यात असे की तुमच्या चाळणीतून जे उतरते ते सगळे एकाच दाण्याचे असते. आमच्या वस्तीतली, आमच्या तोंडातली भाषा त्या चाळणीत अडकते. त्यानंतरच्या काळात दलित आणि ग्रामीण लेखकांनी जे लिहिले त्याने या आक्षेपाचे वजन सिद्ध केले.

मग संपादकी संस्कार वाईट म्हणायचे की काय? माझे मत तसे नाही. ‘सत्यकथे’ची रीत आणि तिच्यावरचा आक्षेप या दोहोंत मला विरोध दिसत नाही. संपादक किंवा जाणता वाचक दोन प्रकारांनी लेखकाच्या खर्ड्याकडे पाहू शकतो. तो प्रश्न विचारू शकतो : ही बाई या क्षणी गप्प का बसली? येथे तुम्ही घाईने का निघून गेलात? किंवा तो साचा पुढे करू शकतो : हा शब्द प्रमाण नाही, हे वाक्य आपल्या मासिकात शोभणार नाही. प्रश्नाने लेखक आपल्या कथेत अधिक खोल उतरतो आणि साच्याने तो तिच्यातून बाहेर येतो. उत्तम संपादक पहिल्या प्रकारचे असतात. पण त्यांच्याकडे पाहून घरोघरी जे स्वयंघोषित संपादक तयार होतात ते दुसऱ्या प्रकारचे, आणि त्यांतला सर्वांत कडक संपादक लेखकाच्या स्वतःच्या डोक्यात बसलेला असतो. उद्धव शेळके यांनी ‘धग’ (१९६०) लिहिताना कौतिकच्या आणि तिच्या माणसांच्या तोंडची वऱ्हाडी बोली काढून टाकली असती तर ती कादंबरी व्याकरणदृष्ट्या निर्दोष झाली असती आणि वाचकाने ती विसरूनही टाकली असती.

आता या विवेचनाचा आपल्या बैठकींशी असलेला संबंध सांगतो. त्यासाठी दुसऱ्या कोणाची कथा घेणे बरे नव्हे, म्हणून माझीच घेतो. पंधराएक वर्षांपूर्वी मी ‘वाटा’ नावाची एक कथा लिहिली. ती आपल्या बैठकीत दोनदा वाचली गेली आहे. काही ज्येष्ठ सभासदांना ती आठवत असेल. आमच्या घरातल्या एका विधवा आत्याबाईंवर ती बेतलेली होती. हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमच्या कुटुंबाची थोडी जमीन होती. १९८०च्या दशकात हजिऱ्याला खताचा कारखाना आणि वायूचे प्रकल्प उभे राहिले तसे त्या बाजूच्या जमिनींचे मोल बदलले, आणि आमच्या वडीलधाऱ्यांनी ती विकली. कथेत आत्याबाई विक्रीच्या कागदावर आपण होऊन सही करतात, पुतण्यांना आशीर्वाद देतात आणि काही दिवसांनी शांतपणे देह ठेवतात.

दोन्ही खर्डे मी जपून ठेवले आहेत. परवा ते शेजारी शेजारी ठेवून वाचले. पहिल्या खर्ड्यातले एक वाक्य असे होते : ‘आत्याबाईंनी पोंकाची पुरचुंडी सोडली, वर शेव घातली आणि म्हणाल्या, खाऊन घे रे भाई, थंड झाल्यावर पोंकाला चव राहत नाही.’ बैठकीत या वाक्यावर चर्चा झाली. पोंक हा शब्द गुजराती आहे, मराठीत त्याला हुरडा म्हणतात, आणि मराठी आत्या पुतण्याला ‘भाई’ कशी म्हणेल, असा आक्षेप निघाला. मी तो शिरोधार्य मानला. दुसऱ्या खर्ड्यात वाक्य झाले ते असे : ‘आत्याबाईंनी हुरड्याची पुरचुंडी सोडली आणि म्हणाल्या, खाऊन घे बाळ, गार झाल्यावर हुरड्याला गोडी उरत नाही.’

दुसऱ्या वाक्यात मराठी शुद्ध झाली यात शंका नाही. पण काय गेले ते पाहा. हुरडा म्हटल्याबरोबर शेव काढून टाकावी लागली, कारण हुरड्याबरोबर अशी शेव कोण खातो? शेव गेली तशी सुरतेतली थंडीच्या दिवसांतली ती पोंकाची दुकाने गेली, लिंबू-मिऱ्याच्या शेवेचा वास गेला. हुरडा शेताच्या बांधावर, आगटीभोवती बसून हातावर चोळून खायचा असतो. आमच्या आत्याबाईंना असा बांध लग्नानंतर कधी दिसलाच नव्हता. त्या पुरचुंडी घेऊन आल्या होत्या ते बाजारातून, पदराखाली झाकून, पायी. आणि ‘भाई’? साठ वर्षे सुरतेच्या फळियात राहिलेली बाई माया दाटून आली की ‘भाई’च म्हणायची. ‘बाळ’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. दोन शब्द सुधारून मी एका जिवंत बाईच्या जागी कथा-कादंबऱ्यांतली ठरीव आत्या आणून बसवली.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती केवळ शब्दांची गोष्ट झाली असती. पण खर्डे पुन्हा वाचताना माझ्या आणखी काही लक्षात आले. पहिल्या खर्ड्यात खरे दोष होते, आणि ते पुष्कळ होते. आत्याबाईंच्या स्वभावाचे जे वर्णन प्रसंगातून कळत होते तेच पुन्हा दोन परिच्छेदांत समजावून सांगितले होते. शेवट तर एक सोडून तीन होते : आधी मृत्यू, मग पाऊस, मग दूरवरून आगगाडीची शिट्टी. यांतले काहीही मी दुसऱ्या खर्ड्यात बदलले नव्हते! जे सहज दिसत होते ते खोडले आणि जे पाहायला धीर लागत होता ते तसेच ठेवले. पुनर्लेखनाच्या नावाखाली मी फक्त शब्दांची अदलाबदल केली होती.

आणि सर्वांत मोठा दोष त्याहून खाली होता. दुसऱ्या वाचनाच्या वेळी, चर्चा संपत आली असताना, मागे बसलेल्या एका वयोवृद्ध सभासद बाईंनी एकच प्रश्न विचारला होता : ‘त्यांना तो कागद वाचून कोणी दाखवला?’ मी काही तरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी आल्यावर वहीत तो प्रश्न लिहून मात्र ठेवला. कथेत त्याचे उत्तर नव्हते, कारण ते मला द्यायचे नव्हते. खरे असे आहे की तो कागद आत्याबाईंना कोणीच वाचून दाखवला नाही. त्यांच्या वाट्याविषयी घरात शब्दही निघाला नाही. त्यांनी आशीर्वाद दिला नाही. त्या त्यानंतर जमिनीचा विषय कधी बोललया नाहीत, एवढेच. त्यांना सही करता येत होती पण गुजराती वाचता येत नव्हते, आणि सही कोठे करायची ते कागदावर बोट ठेवून ज्या शाळकरी मुलाने त्यांना दाखवले, तो मी होतो.

दोन्ही खर्ड्यांत तो मुलगा नाही. पोंक या शब्दावर आम्ही अर्धा तास बोललो, आणि त्या मुलाविषयी मीही गप्प राहिलो. भाषेच्या शुद्धाशुद्धतेची चर्चा लेखकाला फार सोयीची असते. ती करताना आपण कष्ट घेत आहोत असे समाधान मिळते आणि ज्या जागी कथा खोटी पडली आहे तेथे जावे लागत नाही. आपल्या बैठकींतून सुधारून येणाऱ्या कथा निर्जीव का होतात, याचे मला सापडलेले उत्तर हे आहे. आपण खर्ड्याच्या कातडीवर काम करतो, आणि दुखणे असते हाडात.

यावर कोणी म्हणेल की हे तर प्रत्येकाने आपापल्या अनुभवाने शिकायचे; त्यात समीक्षकाने सांगण्यासारखे काय आहे? थोडे आहे. पहिला खर्डा लिहिताना त्याला खुशाल वेडावाकडा होऊ द्यावा. त्या वेळी व्याकरणाकडे पाहणे म्हणजे बी पेरायच्या आधी खळे सारवण्यासारखे आहे. लिहून झाल्यावर तो काही दिवस नजरेआड ठेवावा. आपलेच वाक्य परक्याचे वाटू लागले की त्यातला खोटेपणा ऐकू येतो. मग तो मोठ्याने वाचावा, आणि शक्य असेल तर अशा माणसासमोर वाचावा ज्याला साहित्यात फारसा रस नाही पण कथेतली माणसे ठाऊक आहेत. खोडायला घेताना प्रत्येक जागी स्वतःला विचारावे की हे मी चुकले आहे म्हणून खोडतो आहे, की कोणी हसेल म्हणून खोडतो आहे? पहिल्या कारणाने कितीही खोडावे. हेमिंग्वेने ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या कादंबरीचे शेवटचे पान एकोणचाळीस वेळा लिहिल्याचे स्वतःच सांगितले आहे, आणि त्याच्या कागदपत्रांत तर त्याहून अधिक शेवट सापडले. एवढी खाडाखोड करूनही त्याची भाषा साधीच राहिली, कारण तो पान देखणे करीत नव्हता, त्या प्रसंगाला पुरेसा खरा शेवट शोधत होता. दुसऱ्या कारणाने मात्र एक शब्दही खोडू नये.

आपल्यासारख्या कुटुंबांच्या बाबतीत या दुसऱ्या कारणाचा जोर अधिक असतो, हे नमूद केले पाहिजे. आपली मराठी पुण्या-मुंबईच्या कानाला वेगळी लागते याची जाणीव आपल्याला लहानपणापासून करून दिली जाते. सुट्टीत मामाकडे गेलो की आपल्या बोलण्यातले गुजराती शब्द ऐकून मावसभावंडे हसत, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांचा असेल. त्यामुळे लिहायला बसलो की आपण आधी ते शब्द लपवतो. पण फळिया, ओटला, पोंक हे आपल्या मराठीला चिकटलेले डाग नव्हेत. आपल्या आज्या-पणज्या या गावात जगल्या, त्या जगण्याची ती खूण आहे. ते शब्द जाऊन त्यांच्या जागी कोशातले प्रतिशब्द आले तर पुढच्या पिढीला असे वाटेल की आपले लोक इच्छापोरला कधी राहिलेच नव्हते. अर्थात केवळ असे शब्द पेरल्याने कथा चांगली होत नाही. गुजराती शब्दांची फोडणी देऊन स्थानिक रंग आणणे हीही एक लबाडीच आहे. कसोटी एकच : त्या माणसाच्या तोंडी तो शब्द होता काय?

पुन्हा एकदा नर्मदकडे वळतो. ज्या १८६६ साली त्याने आपला खर्डा छापला, त्याच वर्षी सुरतेच्याच नंदशंकर मेहता यांची ‘करण घेलो’ ही गुजरातीतली आद्य मानली जाणारी कादंबरी प्रसिद्ध झाली. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकाने पूर्ण बांधलेली कादंबरी दिली आणि दुसऱ्याने अपुरा म्हणून सांगितलेला आत्मवृत्ताचा कच्चा मजकूर. दोन्ही टिकले. नर्मदने हकीकत पुरी केली नाही, याची हळहळ वाटते हे खरे. पण ती हकीकत वाचनीय राहिली आहे ती त्यातल्या निर्भीड सांगण्यामुळे. आपल्या उणिवा, आपला अहंकार, आपल्या घरातल्या गोष्टी त्याने झाकल्या नाहीत. खर्ड्यातच त्याने ते काम करून ठेवले होते ज्यासाठी आपल्याला तीन-तीन खर्डे लागतात.

‘वाटा’चा तिसरा खर्डा मी या पावसाळ्यात लिहायला घेतला आहे. त्यात पोंक परत आला आहे, शेव आली आहे, ‘भाई’ आले आहे. पाऊस आणि आगगाडीची शिट्टी गेली. कागदावर बोट ठेवणारा मुलगा पहिल्याच पानावर आहे. त्यापुढे काय लिहायचे ते मला अजून नीट उमगलेले नाही. दोन पाने लिहून होतात आणि एक खोडले जाते. पुढच्या बैठकीत जेवढे झाले असेल तेवढे वाचीन. तो खर्डाच असेल, पण त्यासाठी आधी क्षमा मागणार नाही. त्या वृद्ध सभासद बाई बैठकीला आल्या तर त्यांनी मागेच बसावे आणि आणखी एखादा प्रश्न विचारावा, एवढी विनंती आहे.